वारा कुठून आहे? स्कॉटलंडमध्ये पळणं आणि सायकल चालवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याची. नऊ वर्षं एडिनबरात आहे. नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची, उरलेल्या वेळात पळते नाहीतर सायकल चालवते. दोन्हींत हौशीच. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी आणि आयटीतली मंडळी इथे उतरली की कुणीतरी कुणाला तरी माझा नंबर देतं आणि तेच ते प्रश्न नव्याने सुरू होतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. यातली बरीचशी एडिनबरा आणि आसपासची आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

तिथे सतत पाऊस असतो ना? मग बाहेर सराव होतो तरी कसा?

एडिनबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. फरक एवढाच की पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. छत्री उघडेपर्यंत थांबतो, मिटली की परत सुरू. पश्चिमेकडे मात्र खरा पाऊस आहे. फोर्ट विल्यमला एडिनबराच्या तिप्पट तरी पडतो. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला त्याचंही काही वाटणार नाही, पण महाबळेश्वरचा पाऊस इतका गार नसतो.

पावसासाठी सराव चुकवू नका. दहा मिनिटांत अंग तापतं आणि मग ओलं असण्याचं काही वाटत नाही. थांबलात की वाटतं. म्हणून लांबच्या पल्ल्याला पिशवीत एक कोरडा बनियन ठेवा.

मग खरी अडचण कसली?

वाऱ्याची. मला कुणी फक्त एकच प्रश्न विचारायची मुभा दिली, तर मी वारा कुठून आहे तेवढंच विचारीन.

पहिल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलचा रविवार, लख्ख ऊन. मी सायकल घेऊन समुद्राच्या कडेने पूर्वेला नॉर्थ बेरिककडे निघाले. मसलबरा, प्रेस्टनपॅन्स, ॲबरलेडी मागे पडत गेली आणि मीटरवर ताशी ३० खाली आकडा येईना. मला वाटलं, हिवाळाभर जिने चढले त्याचं फळ आहे. चाळीसएक किलोमीटर सव्वा तासात. किनाऱ्यावर बसून चिप्स खाल्ले, आईला फोटो पाठवला आणि परत फिरले. फिरल्याबरोबर कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलावं तसं झालं. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि मला जाताना ज्याने पोचवलं तो तोच होता. गलनच्या पुढे ॲबरलेडीच्या खाडीला रस्ता अगदी उघडा पडतो. आडोशाला झाड नाही, भिंत नाही. तिथे उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं आणि मीटरवर १३ होते. लाँगनिड्रीपर्यंतच्या १६-१७ किलोमीटरला सव्वा तास लागला. तिथे रेल्वे स्टेशन आहे. पुढचं सांगायला नको.

हिशेब सोपा आहे. तुम्ही ताशी २५ ने चालला आहात आणि समोरून २५ चा वारा आहे, तर अंगावर ५० ची हवा येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट नाही, चौपट. तेव्हा नियम एकच : जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीवर घ्या. पळतानाही तेच. क्रॅमंडच्या किनाऱ्यावर घामाने भिजून मग वाऱ्याच्या तोंडावर परत यायचं म्हणजे थंडी विकत घेणं.

याचाच दुसरा अर्थ, वेगाचा नाद सोडा. 'आज ताशी २५ ने ४० किलोमीटर' असं वेळापत्रक इथे चालत नाही. 'आज दोन तास, बोलता येईल इतपत दमाने' असं चालतं. मी पाच वर्षांपासून किलोमीटर नाही, तास लिहून ठेवते. वारा असलेल्या दिवशी १३ ने चालवलेला तासही तासच असतो, आणि पायांना तो २५ च्या तासाइतकाच कळतो.

हिवाळ्यात उजेड किती वेळ असतो?

एडिनबरात २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. साताऱ्यात पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात पळायची माझी सवय इथे पहिल्याच नोव्हेंबरात मोडली. आता मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पळते आणि डबा टेबलावर काम करता करता खाते. सहकाऱ्यांना आता त्याचं काही वाटत नाही.

अंधारात पळायचंच असेल तर डोक्यावरचा दिवा चांगला घ्या. सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हे कायद्याने लागतं. हेल्मेट कायद्याने लागत नाही, तरी घाला. पण अंधारापेक्षाही वाईट म्हणजे काळं बर्फ. रस्ता नुसता ओला दिसतो आणि त्यावर न दिसणारा काचेसारखा थर असतो. पाऊस पडून गेला, रात्री आकाश निरभ्र झालं आणि पारा शून्याखाली गेला की सकाळी सायकल बाहेर काढायची नाही. अशा दिवशी घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड लावते, समोर भिंत आणि कानात जुनी नाटकं.

याची भरपाई जूनमध्ये होते. पहाटे साडेचारला सूर्य वर, रात्री दहाला मावळतो आणि त्यानंतरही उत्तरेला उजेड रेंगाळत राहतो. ऑफिसहून येऊन, जेवून, मग डोंगरावर जाऊन सूर्यास्ताला माथ्यावर पोचता येतं. त्या सहा आठवड्यांत मी कुणाच्या घरी जेवायला जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

कपडे काय घालू?

घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर जास्त घातलंय. अंगाला लागून लोकरी किंवा घाम शोषून न ठेवणारा बनियन, वर वारा अडवणारं पातळ जाकीट. सुती टी-शर्ट भिजला की भिजलेलाच राहतो, तो घरी ठेवा. हातमोजे मात्र सप्टेंबरपासून मेपर्यंत. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही आणि चिक्कीचं पाकीटही फाडता येत नाही. दोन्हींची प्रचीती घेतलेली आहे.

अगदी सुरुवात कुठून करावी?

कालव्यापासून. युनियन कॅनॉल १८२२ साली सुरू झाला, एडिनबरा ते फॉल्कर्क, सुमारे ५० किलोमीटर. खणणाऱ्यांनी तो समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवरून, डोंगराच्या कडेकडेने नेला. त्यामुळे त्याच्या काठची वाट सपाट आहे. चढ नाही, वाहनं नाहीत, हरवायला जागा नाही. वीस मिनिटं पळा, परत फिरा, चाळीस मिनिटं झाली. स्लेटफर्डला कालवा दरीवरून पुलाने जातो. तिथली वाट अरुंद आणि गोट्यांची आहे, ओली असली की शेवाळलेल्या घाटासारखी निसटते. सायकलवरून उतरून चाला. उतरला नाहीत तर समोरून येणाऱ्या आजीबाई शुद्ध स्कॉटिशमध्ये सांगतील.

दुसरी जागा वॉटर ऑफ लीथ. बॅलर्नोपासून लीथच्या बंदरापर्यंत नदीकाठची २० किलोमीटरची वाट, शहराच्या पोटातून जाते आणि शहर दिसत नाही. तिसरी, होलीरूड पार्कमधली क्वीन्स ड्राइव्ह. आर्थर्स सीटभोवती साधारण ५ किलोमीटरचं वर्तुळ, अर्ध्यात चढ, अर्ध्यात उतार. महिन्याने तिथे जा. डन्सॅपी तळ्यापाशी चढ संपतो, समोर समुद्र दिसतो, आणि दम गेला हे लपवून दृश्य बघत थांबल्याचं नाटक करता येतं. सगळेच करतात.

सायकलवाल्यांनी तिथूनच जवळ असलेला 'इनोसंट रेल्वे'चा बोगदा चुकवू नये. १८३१ सालची, सुरुवातीला घोड्यांनी ओढायची कोळशाची रेल्वे. आता सायकलची वाट आहे. बोगदा पाचशेएक मीटरचा, उताराचा आणि भर उन्हाळ्यातही गार.

पार्करन म्हणजे काय? शर्यत आहे का?

दर शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, फुकट, सगळं काम स्वयंसेवक बघतात. एकदाच नाव नोंदवायचं, बारकोड घेऊन जायचं. इंग्लंडमध्ये ९ ला सुरू होतं, स्कॉटलंडमध्ये साडेनऊला. शर्यत नाही. चालत गेलात तरी चालतं, आणि सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो म्हणून शेवटचा नंबर तुमचा कधीच येत नाही. नव्या गावात ओळखी करायला याहून सोपी गोष्ट मला सापडलेली नाही. क्रॅमंडजवळचं सपाट आहे, होलीरूडचं चढाचं. आधी कुठे जायचं हे सांगायला नको.

डोंगरात, शेतांतून कुठेही पळता येतं म्हणतात. मालक हाकलत नाही?

नाही हाकलत, आणि या देशातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरायचा हक्क दिला. २००५ पासून तो अमलात आहे. पायी, सायकलने, घोड्यावरून, दिवसा किंवा रात्री. मोटारगाडीने नाही. इंग्लंडात सायकलला ठरावीक वाटाच असतात, तिथून आलेले मित्र इथे पहिल्यांदा कुंपणाचं फाटक उघडताना चोरासारखे इकडेतिकडे बघतात.

'जबाबदारीने' हा शब्द मात्र फुकटचा नाही. घराभोवतीची बाग आणि पेरलेलं शेत वगळायचं, शेताच्या कडेने जायचं. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. एप्रिल-मे मेंढ्या विण्याचा काळ, त्यांच्यापासून लांबून जा. ऑगस्ट ते ऑक्टोबर डोंगरांत हरणांची शिकार चालते, वाटेवर पाटी असेल तर वाचा आणि सांगितलेल्या वाटेने जा. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. आमच्या ज्वारीतून कुणी शर्यत काढली असती तर अण्णांनी काय केलं असतं हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून इथला शेतकरी हात वर करून नमस्कार घालतो तेव्हा दर वेळी थोडं नवल वाटतं.

रस्त्यावर दहा किलोमीटर पळते. डोंगरावर किती जमेल?

पाच. आणि त्यातही निम्मं चालाल. डोंगरात चालण्याची लाज नाही, पुढे असणारेही चढावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून चालतात. उतारावर काय होतं ते बघायचं. वर जाताना छाती भरते, खाली येताना मांड्या. स्नायू लांबत असताना शरीराला आवरून धरतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून, आडवं होऊन उतरावं लागतं. दोन-तीनदा झालं की मांड्या शिकतात.

एडिनबराच्या दक्षिणेला पेंटलंड टेकड्या आहेत, शहराच्या बसने जाता येतं. सर्वांत उंच स्कॉल्ड लॉ, ५७९ मीटर. उंची ऐकून हसू नका. वरचं गवत म्हणजे गवत नसतं. हिरवं लुसलुशीत दिसलं की तिथे पाय घोट्यापर्यंत जातो, शेवाळ भगवं-लाल दिसलं की गुडघ्यापर्यंत. हेदरची झुडपं पायात अडकतात. रस्त्याचे बूट तिथे साबणासारखे घसरतात, खोल खाचांचे डोंगरी बूट लागतात. पायात चिखल भरणारच, तेव्हा पाणी आत न येणारे बूट घेऊ नका. आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाहीत.

आता माझी फजिती. फ्लॉटरस्टोनहून टर्नहाउस हिल चढून कार्नेथीच्या माथ्यावर गेले. ५७३ मीटर, वर दगडांची मोठी रास आहे. तेवढ्यात ढग उतरला. रास दिसत होती, बाकी सगळं दूध. राशीभोवती वारा चुकवायला एक फेरी मारली, बिस्किट खाल्लं आणि निघाले. वाट होती, उतार होता, सगळं ठीक वाटत होतं. वीस मिनिटांनी मालट्रकांचा आवाज आला. मला उत्तरेला लोगनलीच्या तलावाकडे उतरायचं होतं, तिथे ट्रक कुठून येणार? मी दक्षिणेच्या हमरस्त्यावर उतरले होते. त्या एका फेरीत दिशा फिरली होती. परत गाडीपर्यंत तासभर रस्त्याच्या कडेने, ओल्या गवतातून, डोक्यात स्वतःला शिव्या देत. फोन होता, पण ओल्या बोटांनी पडदा ऐकेना.

त्यानंतर कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकले. नकाशावरच्या समोच्चरेषा वाचता येणं हे डोंगरात दमापेक्षा कामाला येतं. गंमत म्हणजे अशा रेषांच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक इथलाच. १७७४ मध्ये शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीची घनता काढायचा प्रयोग झाला आणि त्याची आकडेमोड करताना चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले.

डोंगरात काही झालं तर?

९९९ ला फोन, आधी पोलीस मागायचे, मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. ते स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आवाज जात नसेल तर संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी आधीच ९९९ ला 'रजिस्टर' असा इंग्रजी संदेश पाठवून नोंदणी करावी लागते. आत्ता करा, मग पुढचं वाचा. शिट्टी जवळ ठेवा : मिनिटात सहा फुंकर, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. आणि निघताना कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून जा.

बेन नेव्हिस कळसूबाईपेक्षा बुटका आहे म्हणे. मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

हा प्रश्न नेहमी नाशिक-संगमनेरकडच्या मंडळींचा असतो. खरं आहे. कळसूबाई १६४६ मीटर, बेन नेव्हिस १३४५. पण कळसूबाईला तुम्ही बारी गावातून निघता, तेच मुळात बऱ्यापैकी उंचावर आहे. इथे फोर्ट विल्यमला खाऱ्या पाण्याशेजारून निघायचं, म्हणजे जवळजवळ सगळे १३४५ मीटर स्वतःच्या पायांनी. शिवाय हा ५६-५७ अक्षांशांचा डोंगर आहे. १८८३ ते १९०४ या काळात माथ्यावर वेधशाळा होती. तिथे माणसं वर्षभर राहून नोंदी करत आणि वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास निघालं. खाली टी-शर्ट, वर मे महिन्यात बर्फ.

दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी या डोंगरावर शर्यत असते, वर जाऊन परत, १४ किलोमीटर. केनी स्टुअर्टने १९८४ मध्ये ती १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत संपवली. मी एकदा नुसती चढून-उतरून आले, पूर्ण दिवस लागला, आणि त्यातला बराच वेळ मी त्या ३४ सेकंदांचा विचार करत होते.

कोणती सायकल घेऊ?

ज्या सायकलला रुंद टायर बसतात आणि मडगार्ड लावता येतं ती. शर्यतीची बारीक टायरची सायकल दिसते देखणी, पण इथले गावाकडचे रस्ते खड्ड्यांचे आणि कालव्याच्या वाटा खडीच्या. ३२ मिलिमीटरच्या वरचा टायर, डिस्क ब्रेक, पुरे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते साखळी खातं. प्रत्येक फेरीनंतर पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचे थेंब. आळस केलात तर वसंतात नवी साखळी आणि मागची दातेरी चक्रं दोन्ही घ्यावी लागतील.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे, ते घरच्या गालिच्यावर आधी दोनदा करून बघा. पंक्चर हे स्कॉटलंडचंच देणं आहे म्हणा ना. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ मध्ये स्टोनहेवनच्या रॉबर्ट थॉमसनने घेतलं, ते विसरलं गेलं आणि १८८८ मध्ये आयरशरमध्ये जन्मलेल्या डनलॉपने तीच गोष्ट पुन्हा शोधून चालवली. पावसात, बधिर बोटांनी ट्यूब बदलताना दोघांची आठवण येते.

एकेरी रस्त्यांवर समोरून गाडी आली तर?

हायलँडमध्ये, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागात, बरेच रस्ते एका गाडीपुरते असतात. मध्ये मध्ये बाजूला रुंद जागा असते, पाटी असते. तिथे थांबून समोरच्याला आणि मागच्यालाही जाऊ द्यायचं, हात वर करायचा. मागे पाच गाड्या घेऊन चढ चढणारा सायकलस्वार कुणालाच आवडत नाही. रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी येते, गुरं ओलांडू नयेत म्हणून. ती सरळ ओलांडायची, वर वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, ओली असताना तर श्वासही जपून.

सायकलची पहिली लांब सहल कुठली?

लार्ग्सहून ग्रेट कम्ब्रे बेट. बोटीला दहाएक मिनिटं, बेटाभोवती सुमारे १६ किलोमीटरचा जवळजवळ सपाट रस्ता, मिलपोर्टला आइस्क्रीम. लहान मुलंही करतात. एडिनबराहून दुसरी सोपी सहल फोर्थ रोड ब्रिजची. १९६४ चा हा पूल २०१७ मध्ये शेजारी नवा झाल्यापासून बस, सायकली आणि पायी माणसांचा झाला आहे. अडीच किलोमीटर पाण्यावरून, उजवीकडे १८९० चा लाल रेल्वेपूल. वारा फार असला की तोही बंद ठेवतात, आधी बघून जा.

आणि पुढे कधीतरी बॅलख् ना बा. इथल्या जुन्या गेलिक भाषेत गुरांची खिंड. वायव्येला ॲपलक्रॉसला जाणारा हा एकेरी रस्ता जवळजवळ समुद्रापासून ६२६ मीटरवर जातो. आमच्या वाई-पाचगणीच्या पसरणी घाटाइतकीच चढाई, पण अंतर कमी, नऊएक किलोमीटर. शेवटी वळणांच्या आधी चढ वीस टक्क्यांपर्यंत जातो. नवशिक्या चालकांनी येऊ नये अशी पाटी खालीच आहे, ती गाडीवाल्यांसाठी असते असं मी स्वतःला सांगितलं. दोनदा उतरले. एकदा दम गेला म्हणून आणि एकदा रस्त्यात बसलेल्या हायलँड गाईला वळसा घालायला. तिच्या डोळ्यांवरच्या झुलपांतून तिने बघितलंही नाही.

आठवड्याचं वेळापत्रक दे.

देते, पण ते वाऱ्यापुढे नमतं. मंगळवारी ब्लॅकफर्ड हिलवर चढाच्या सहा फेऱ्या. बुधवार-गुरुवार ऑफिसला सायकलने, सावकाश. शनिवारी पार्करन किंवा काहीच नाही. रविवारी लांब, एक आठवडा पायी, एक आठवडा सायकलने. गुडघा कुरकुरायला लागला की पळण्याचे तास सायकलला देऊन टाकते, छातीला फरक कळत नाही आणि गुडघ्याला आपटी बसत नाही. एकूण आठवड्याला सहा तास. त्याहून जास्त करणाऱ्यांना मुलंबाळं नसावीत किंवा नोकरी नसावी असा माझा अंदाज आहे.

पळताना ताकदीसाठी एनर्जी जेल-बिल खावंच लागतं का?

मला ते गोंदासारखं लागतं. शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. थंडीत चिक्की दगड होते, तेव्हा ती खिशात अंगाला लागून ठेवा. इथे 'टॅब्लेट' नावाची साखर-लोणी-दुधाची वडी मिळते, कुणाच्याही आजीच्या बर्फीची बहीण. दीड तासाच्या आत काही खायची गरज नाही, त्यापुढे मात्र भूक लागायची वाट बघू नका. सकाळी पॉरिज, म्हणजे ओट्सची लापशी, मीठ घालून इथल्या पद्धतीने. मी वर जिऱ्याची फोडणी देते, पण हे स्कॉटिश लोकांना सांगू नका.

मिजेस आणि गोचिडांचं काय?

मिज म्हणजे दोन मिलिमीटरचं चिलट, मेअखेर ते सप्टेंबर, मुख्यतः पश्चिमेला आणि हायलँडमध्ये. थव्याने येतं. पळताना त्रास नाही, थांबलात की डोळ्यांत, कानांत, केसांच्या मुळांत. थोडा वारा सुटला की त्यांना उडता येत नाही. वाऱ्याबद्दल वर एवढं बोलले, हे एक त्याच्या बाजूने लिहून घ्या.

गोचीड जास्त गंभीर, त्यातून लाइमचा आजार होऊ शकतो. उंच गवत किंवा नेच्यांतून आलात की रात्री गुडघ्याची लवण, जांघ, कंबर तपासा. चिकटलेली असेल तर खास चिमट्याने, कातडीला लागून धरून, सावकाश ओढा. तेल, काडीचा चटका असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरकडे. आपल्या रंगावर चट्टा लाल दिसेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. आणि डॉक्टरकडे गेलाच आहात तर ड जीवनसत्त्वाचंही विचारा. इथल्या उन्हात आपल्या कातडीला ते पुरत नाही, रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायचा सरकारी सल्ला आहे.

एकटी बाईमाणूस, डोंगरात भीती नाही वाटत?

डोंगरात नाही वाटत. डोंगरात मला फक्त हवामानाची भीती वाटते. हिवाळ्यात संध्याकाळी कालव्याच्या काठाने, दिवे नसलेल्या भागात मी एकटी पळत नाही. पूर्वी दोनदा कुणीतरी सायकलवरून ओरडत गेलं, तेवढं पुरलं. तेव्हा रस्त्याच्या दिव्यांखालून, घरांच्या मधून पळते किंवा मंगळवारच्या बायकांच्या गटाबरोबर. कानात एकच इअरफोन.

शर्यतींत बक्षीस मिळतं का?

पहिल्या येणाऱ्यांना मिळत असावं. डोंगरी शर्यतींत बाकीच्यांना गावच्या सभागृहात सूप, पाव आणि कुणीतरी घरून करून आणलेला केक. प्रवेश फी थोडकी, आणि पावसाचं जाकीट-पँट, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आहे का हे सुरुवातीला तपासतात. नसेल तर पळू देत नाहीत.

माझे मामा दर शर्यतीनंतर विचारतात, "कितवी आलीस गं?" फेब्रुवारीत १४३ वी आले. त्यांना आकड्याऐवजी फोटो पाठवला : मी, सूपचा कप, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, एका पायातला मोजा नाहीसा. अर्ध्या मिनिटात फोन. "एवढं भात लावायचंच होतं तर कोयनेला यायचं की, माणसं मिळत नाहीत."